उमेदवारी

फारसीतून मराठीत येऊन ज्या शब्दांनी आपल्या कचेऱ्यांतच नव्हे, तर आपल्या स्वभावातही कायमचे ठाण मांडले, त्यांत ‘उमेदवार’ या शब्दाइतका प्रामाणिक शब्द दुसरा नसावा. उमेद म्हणजे आशा आणि ती बाळगणारा तो उमेदवार. त्याच्यापाशी आशेखेरीज अन्य काही चीजवस्तू असल्याची हमी हा शब्द घेत नाही. निवडणुकीला उभा राहतो तो उमेदवार, असा त्याचा अर्थ आज आकुंचित झाला असला, तरी आमच्या वडिलांच्या तरुणपणी मामलेदार कचेरीत जो पगारावाचून राबे, दफ्तराचे रुमाल सोडून पुन्हा बांधून ठेवी, शिरस्तेदारांच्या दौतीत शाई घाली आणि एखादा कायम कारकून बढतीने, बदलीने अथवा पटकीने जागा रिकामी करील या आशेवर रोज अकराच्या ठोक्याला हजर होई, त्यालाही उमेदवारच म्हणत. अशी उमेदवारी वडिलांनी बार्शीच्या कचेरीत तीन वर्षे केली. पुढे ते कायम झाले, यथाकाल निवृत्त झाले आणि पेन्शन घेत घेत ऐंशीच्या पुढे जगले. परंतु आम्हा मुलांना त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्या त्या बिनपगारी तीन वर्षांतल्या होत्या. कायम झाल्यानंतरच्या तीस वर्षांत सांगण्यासारखे काही घडलेच नाही, की घडले ते त्यांना सांगावेसे वाटले नाही, याचा उलगडा मी स्वतः त्याच खात्यात अव्वल कारकून होऊन निवृत्त झालो तरी मला झाला नव्हता. तो झाला गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात, भाच्याच्या घराच्या तळघरात, रात्री दोन वाजता.

पाणी पिण्यासाठी उठलो तो तळघरात दिवा दिसला. खाली जाऊन पाहतो तर चिरंजीव संगणकापुढे बसलेले, डोळे तारवटलेले आणि उजव्या हाताची नखे दातांच्या हवाली केलेली. अमेरिकेत माणसांच्या नोकऱ्या रातोरात जातात असे ऐकून असल्यामुळे मी काळजीने विचारले, “काय रे, नोकरीचे काही?” मान न वळवता तो म्हणाला, “नाही मामा. आम्ही अजून शर्यतीत आहोत. अर्ध्या सामन्याने मागे.”

ही शर्यत कसली, ‘आम्ही’ म्हणजे कोण, आणि सामन्यासारखी अविभाज्य वस्तू अर्धी कशी होते, या तीन प्रश्नांचा निकाल लावण्यात माझ्या मुक्कामाचे पुढील तीन आठवडे खर्ची पडले. हकीकत अशी, की माझा भाचा हा बेसबॉलच्या एका संघाचा मालक, व्यवस्थापक आणि खजिनदार आहे. त्याच्यासारखेच आणखी तेवीस गृहस्थ तेवीस संघांचे धनी असून हे चोवीस संघ एका हंगामात प्रत्येकी १६२ सामने खेळतात. मात्र यांतील एकाही संघाला मैदान नाही, दांडू नाही, चेंडू नाही आणि मातेच्या उदरी जन्मलेला एकही खेळाडू नाही. खेळाडू संगणक निर्माण करतो. त्यांना तो नाव देतो, गाव देतो, डावखुरेपणा देतो, पैशाचा लोभ देतो, आणि ऐन मोक्याच्या सप्ताहात निखळेल असा एक खांदाही देतो. तिथले एक वर्ष आपल्या तीन महिन्यांत आटोपत असल्याने माणसे डोळ्यांदेखत म्हातारी होतात. एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, भाच्याने त्याच्या वयाच्या अठराव्या वर्षी पदरी घेतला आणि अडतिसाव्या वर्षी सन्मानाने निवृत्त केला. त्या रात्री, भाचेसून सांगते, हा जेवला नाही. आपल्या संघाला त्याने आमच्या तालुक्याचे भूषण होऊन गेलेल्या बार्शी लाइट रेल्वेचे नाव दिले आहे. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला पहिल्यांदा आलेल्या त्या अरुंद मापाच्या गाडीची कीर्ती तेवीस अमेरिकनांना ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांतल्या बहुतेकांचा समज हा बिअरचा एखादा सौम्य प्रकार असावा असा आहे, आणि त्यामुळे संघाविषयी त्यांचे मत चांगले आहे.

हा छंद संगणकाबरोबर जन्मला, असे मात्र कोणी समजू नये. बेसबॉल हा मुळातच असा खेळ आहे, की त्यात दोन चेंडूंच्या मधला वेळ हिशेब लिहिण्यासाठी सोडलेला असतो; आणि जिथे हिशेब लिहिला जातो तिथे आज ना उद्या असा एक कारकून निपजतोच, ज्याच्या ध्यानात येते की हिशेब ठेवायला व्यवहार घडलाच पाहिजे असे नाही. १९४१ साली ईथन ॲलन नावाच्या निवृत्त खेळाडूच्या कल्पनेतून गोल चकत्यांवर काटा फिरविण्याचा बेसबॉल निघाला. १९५१ साली पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर गावी रिचर्ड साइट्झ यांनी पत्ते आणि फासे यांवर चालणारा ‘अपबा’ नावाचा खेळ विकायला काढला. आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढलेल्या हॅल रिचमन या मुलाला तो फिरता काटा इतका खोटा वाटला, की त्याने हजारो वेळा फासे टाकून कोणती बेरीज किती वेळा येते याची टिपणे केली आणि पुढे १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या नावाने आपला खेळ बाजारात आणला. नव्या हंगामाचे पत्ते निघाले की ते हातात पडावेत म्हणून ग्लेन हेड येथील त्यांच्या इमारतीबाहेर भर थंडीत रांग लावणारे प्रौढ, विवाहित, करदाते गृहस्थ होऊन गेले आहेत. आमच्याकडे अशी रांग मी फक्त रॉकेलसाठी पाहिली आहे.

भाच्याने एके दिवशी स्ट्रॅट-ओ-मॅटिकची आपली जुनी पेटी काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली आणि मला फासे दिले. पद्धत अशी: फासे तीन. त्यांतला एक वेगळ्या रंगाचा. त्यावर एक, दोन किंवा तीन पडले तर फलंदाजाच्या पत्त्यावरचा त्या क्रमांकाचा रकाना पाहायचा, चार, पाच किंवा सहा पडले तर पिचरच्या. उरलेल्या दोहोंची बेरीज म्हणजे रकान्यातली ओळ. आता दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांपैकी सहांची बेरीज सात होते, आणि बारा मात्र एकीचीच. तेव्हा ज्याच्या पत्त्यावर सातासमोर सुख लिहिले तो भाग्यवान, आणि ज्याचे सगळे सुख बारासमोर लिहिले तो आमच्यासारखा. मी फासे टाकले. रकाना दुसरा, बेरीज पाच. त्या ओळीवर लिहिले होते: एक ते बारा होमरन, तेरा ते वीस नुसता दोन तळांचा फटका. भाच्याने वीस पैलूंचा एक चौथाच फासा माझ्या हातावर ठेवला आणि श्वास रोखला. तेरा आले. “मामा!” तो अशा आवाजात ओरडला, की भाचेसून हातातले उलथने घेऊन धावत आली, आणि मी, ज्याने त्या फलंदाजाचे नावही नीट वाचले नव्हते, तो त्या एका आकड्यासाठी रात्री बराच वेळ तळमळत पडलो.

या तळमळीच्या नादी फार थोर माणसे लागून गेली आहेत. कादंबरीकार जॅक केरुआक याने लोवेल गावी पोरवयात स्वतःसाठी बेसबॉलची एक संपूर्ण लीग रचली, संघांना मोटारगाड्यांची नावे दिली, खेळाडूंच्या पगाराचे आणि भांडणांचे वृत्तान्त स्वतःच लिहून स्वतःच वाचले, आणि जग ज्याला बेबंद भटक्या म्हणून ओळखते त्या या गृहस्थाने ते दफ्तर पुढे आयुष्यभर नीटनेटके सांभाळले. ते आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. रॉबर्ट कूव्हर यांनी तर १९६८ साली या व्यसनावर एक अख्खी कादंबरी लिहिली. तिचा नायक पेशाने हिशेबनीस आहे. दिवसा तो मालकाच्या वह्या चुकीच्या लिहितो आणि रात्री आपल्या कल्पित लीगच्या अचूक लिहितो. एका रात्री फासे असे काही पडतात, की त्याच्या लाडक्या तरुण पिचरचा मैदानावरच मृत्यू ओढवतो, आणि नियम त्याने स्वतःच केलेला असल्यामुळे त्याला दाद मागायला वरचे कोर्ट उरत नाही. ही कादंबरी इंग्रजीत लिहिली गेली हा निव्वळ योगायोग होय. तिचा नायक मी महसूल खात्यात किमान तीनदा पाहिला आहे, आणि एकदा तर हजामत करताना आरशात.

पुढे फाशांची जागा संगणकाने घेतली. ज्या कार्यक्रमावर भाच्याची लीग चालते तो ‘आउट ऑफ द पार्क’ नावाचा कार्यक्रम १९९९ साली मार्कुस हाइनसोन या जर्मन गृहस्थाने प्रथम बाजारात आणला. म्हणजे जिथे गल्लीतले पोरही बेसबॉल खेळत नाही, तिथल्या माणसाने तो अमेरिकनांना पुरविला. यात मला नवल वाटले नाही. तीस वर्षे पिकांचे आकडे लिहिणाऱ्या मी कधी नांगर धरला आहे?

आता या कारभाराच्या शिखरावर जो अधिकारी बसलेला आहे, त्याच्याविषयी. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी भाचेसून फोन हातात घेऊन आली आणि म्हणाली, “अहो, कमिशनरचा फोन आहे.” मी सोफ्यावर आडवा होतो. जो माणूस पुणे विभागाच्या कमिशनरसाहेबांच्या तपासणीच्या नुसत्या वार्तेने आठ दिवस आधी दफ्तरखाना झाडून घेई, त्याच्या अंगात तो शब्द कानी पडताच काय संचरले असेल याची कल्पना महसूल खात्यातले वाचकच करू शकतील. मी उठून उभा राहिलो, सदऱ्याच्या वरच्या गुंड्या लावल्या आणि चष्मा शोधू लागलो. भाच्याने समोरच्या पडद्यावर जो इसम प्रकट केला, त्याचे वय एकवीस होते, अंगात बाह्या नसलेला बनियन होता, आणि तो एका कागदी पुड्यातून काहीतरी खात होता. त्यानेच लीगची घटना लिहिली आहे, खेळाडूंच्या अदलाबदलीचे करारमदार त्याच्याच शिक्क्याने कायम होतात, आठवड्यातून दोनदा तो आपल्या खोलीत बसून एक कळ दाबतो आणि त्यासरशी चोवीस संघांचे कित्येक दिवसांचे भवितव्य निकालात निघते. पूर्वी हे अधिकार कोणाकडे होते ते आपल्या पुराणांत नमूद आहे. परंतु तिथेही ते तिघांत वाटून दिलेले आढळतात.

हंगाम असा संपत आला, की चोवीसपैकी बाद फेरीच्या आठ जागांतल्या सहा जागांचा निवाडा झाला आणि उरलेल्या दोन जागांसाठी पाच जण शिल्लक राहिले. खऱ्या बेसबॉलमध्येही या बाबतीत सरकारचे धोरण उत्तरोत्तर उदार होत गेले आहे. १९६८पर्यंत दोन लीगांचे दोन विजेते तेवढे अंतिम मालिकेत जात आणि बाकीचे सप्टेंबरातच शेतीभातीला लागत. १९६९मध्ये विभाग पाडले. १९९५पासून विभागात न जिंकलेल्या एकेका संघाला ‘वाइल्ड कार्ड’ नावाचे तगाईवजा तिकीट मिळू लागले. २०१२मध्ये अशी तिकिटे दोन झाली आणि २०२२मध्ये तीन. आता तीस संघांपैकी बारा बाद फेरीत जातात. चषकाची संख्या मात्र एकच राहिली आहे. वाढविली गेली ती उमेदवारांची. कारण चषक एकालाच खूश ठेवतो आणि उमेदवारी निम्म्या मुलखाला, हे धोरण कोणत्याही मुरब्बी कारभाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

या पाच जणांचे मी जवळून निरीक्षण केले. पाचही जण रात्री पडद्यावर जमत, त्यामुळे माझा सर्वांशी नमस्कारापुरता परिचय झाला होता.

पहिला, आघाडीवरचा, हा ओहायोमधला दातांचा डॉक्टर. त्याच्यापाशी ‘मॅजिक नंबर’ होता. १६३ या संख्येतून आपले विजय वजा करावेत, मग पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करावेत, आणि जे उरते तो हा नंबर. शून्यावर आला की जागा पक्की. माझा समज असा होता, की हा माणूस सुखी असावा. वस्तुतः त्या पाचांत त्याच्याइतका दुःखी कोणी नव्हता. नंबर सहाचा चार झाला तेव्हा त्याचे जेवण कमी झाले, दोन झाला तेव्हा बोलणे थांबले. मंगलाष्टके सुरू झाल्यापासून अक्षता पडेपर्यंत वधूपित्याच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, ते त्याच्या चेहऱ्यावर अकरा दिवस होते. कारण त्याला आता मिळवायचे काही नव्हते, होते ते फक्त घालवायचे.

दुसरा टेक्सासातला एक मालमोटारचालक. गणिताच्या दृष्टीने तो जिवंत होता, म्हणजे उरलेले सर्व सामने त्याने जिंकावेत, बाकीच्यांनी बहुतेक हरावेत आणि त्या हरण्याचा अनुक्रमही विशिष्ट असावा, एवढ्याच अटी होत्या. त्याच्यासारखा आनंदी मनुष्य मी पाहिला नाही. ज्याचे अपील दाखल आहे पण तारीख लागत नाही, अशा कुळासारखा तो निश्चिंत होता, आणि महामार्गावर गाडी थांबवून तो आमच्या गप्पांत सामील होई.

तिसऱ्याने जुलैअखेर, म्हणजे अदलाबदलीची मुदत संपण्याच्या सुमारास, आपले सारे नाणावलेले खेळाडू विकून त्यांच्या बदल्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरे घेतली होती आणि पाच वर्षांनी काय घडेल ते सर्वांना सांगत होता. नातवाने खावे म्हणून आंबा लावणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल आपल्याला आदर असतो. फक्त ती पोरे नकळत जिंकत सुटली आणि म्हातारा नको त्या वर्षीच शर्यतीत अडकला, तेव्हा त्याची जी त्रेधा उडाली तिचे वर्णन करवत नाही.

चौथा शिकागोतील एक वकील. त्याचा संघ भाच्याच्या अर्धा सामना पुढे होता, परंतु त्याचे म्हणणे असे, की न्यायाने पाहता तो सात सामने पुढे आहे. बिल जेम्स नावाचे एक विचारवंत कॅन्सस संस्थानात डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात रात्रीचे पहारेकरी असताना बेसबॉलच्या आकड्यांचा विचार करीत बसत आणि १९७७ साली त्यांनी आपले पहिले पुस्तक स्वखर्चाने काढले. त्यांनी एक सूत्र दिले: केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे; संघाने सामन्यांपैकी किती हिस्सा जिंकायला हवा होता ते कळते. पायथागोरसच्या सिद्धान्ताशी दिसण्यात साम्य म्हणून त्याला त्याचेच नाव पडले आहे. वकीलसाहेब हे सूत्र रोज मांडीत आणि आपण जिंकायला हवे होते असे सिद्ध करीत. हरलेला दावा मुळात बरोबर होता असे सिद्ध करण्याची ही हातोटी आमच्या गावच्या वकिलांतही आहे. पण त्यांच्यापाशी सूत्र नाही.

पाचवा माझा भाचा. अर्ध्या सामन्याचे रहस्य त्याने मला समजावून दिले ते असे: एकाचे विजय ८८ आणि पराभव ७०, दुसऱ्याचे विजय ८७ आणि पराभव ७०. दुसऱ्याने एक सामना कमी खेळला आहे. तो जिंकला तर दोघे बरोबरीत, हरला तर एका सामन्याचे अंतर. तोपर्यंत तो अर्ध्याने मागे. मी हिशेबाची शहानिशा केली, आणि मला पटले की जो सामना अजून झालाच नाही, त्यात आपण अर्धे जिंकलेलो आहोत असे धरून चालण्याला इतके शास्त्रशुद्ध नाव जगात दुसरीकडे कुठे नसेल.

रोज रात्री प्रत्येक संघासमोर एक टक्केवारी झळके: बाद फेरीत जाण्याचा संभव अमुक टक्के. ती पाहून माझे मन भरून आले, कारण माझे सारे आयुष्य पैसेवारीत गेले. पीक उभे असतानाच गावोगाव हिंडून ते रुपयातले किती पैसे येईल याचा आकडा लावायचा. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. आणि पन्नास पैशांच्या आत आला तर दुष्काळी सवलतींची दारे उघडायची. मी भाच्याला विचारले, “हा तुमचा नजरअंदाज लावतो कोण? तलाठी की सर्कल?” तो म्हणाला, “मामा, संगणक उरलेला हंगाम मनातल्या मनात हजारो वेळा खेळून पाहतो आणि त्यांतल्या किती वेळा आम्ही आत जातो ते मोजतो.” मी काही वेळ स्तब्ध राहिलो. म्हणजे जे सामने होत नाहीत, ते होण्याआधी हजारो वेळा होऊन जातात, आणि त्यानंतर पुन्हा एकदा न होण्यासाठी होतात. आमच्या वेदान्तात दोरीच्या ठिकाणी साप भासतो, परंतु दोरी तरी खरी असते. इथे दोरीही कार्यक्रमाबरोबर आलेली.

आणि तरीही, जेव्हा जेव्हा खरी दोरी तुटली, तेव्हा या भासानेच राज्य चालविले आहे. १९८१च्या जूनमध्ये खऱ्या खेळाडूंनी संप पुकारला आणि ७१३ सामने वाया गेले. क्लीव्हलंडच्या ७०,०००हून अधिक आसनांच्या स्टेडियममध्ये ज्या दिवशी नामांकित खेळाडूंचा वार्षिक सामना व्हायचा होता, त्या दिवशी तो तिथेच, रिचमन यांच्या पत्त्यांवर आणि फाशांवर, खेळला गेला. २०२० साली महामारीने हंगाम चार महिने लांबला आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला अवघे ६० सामने आले, तेव्हा संगणकांनी पहिल्या दिवसापासून ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे कल्पित हंगाम चालू ठेवला होता. त्याच उन्हाळ्यात ‘ब्लेसबॉल’ नावाची एक लीग निघाली. तिच्यात ९९ सामन्यांचा हंगाम पाच दिवसांत उरके, शनिवारी बाद फेरी होई, आणि सूर्यग्रहण लागले की पंच एखाद्या खेळाडूला उभ्या उभ्या जाळून टाकीत. २०२३ साली ती बंद पडली. पण तोवर लोकांनी त्या जळालेल्या, कधी नसलेल्या खेळाडूंसाठी शोक केला, गाणी रचली, आणि एकाला तर नियमातली फट हुडकून मतदानाने परत आणले. ग्रहणात जेवू नये, एवढाच आमचा नियम होता. तो इतका मवाळ असल्याची जाणीव मला प्रथमच झाली.

हंगामाच्या शेवटच्या रात्री पाचांपैकी तिघांचा निकाल लागून चुकला होता. दंतवैद्य सुटले, मालमोटारवाला हसत हसत बाद झाला, आंबेवाल्याची पोरे शेवटच्या आठवड्यात ओळीने हरली आणि त्याने निःश्वास टाकला. उरली एक जागा. वकील एका सामन्याने पुढे. भाच्याने जिंकावे आणि वकिलाने हरावे, तर बरोबरी, आणि बरोबरीत आपसातले सामने पाहता भाचा आत. कमिशनरसाहेबांनी त्या दिवशी अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, हे मी नमूद करतो. बार्शी लाइट आपला सामना सहा विरुद्ध दोन असा लवकरच जिंकून बसली. वकिलाचा सामना मात्र नवव्या डावातही बरोबरीत. पडद्यावर एकेक ओळ उमटत होती. तिसऱ्या तळावर प्रतिपक्षाचा गडी. दोन बाद. पहिला चेंडू वाईट. दुसरा चांगला. भाच्याने माझा हात धरला होता. लहानपणी बार्शीच्या भगवंताच्या रथाच्या गर्दीत धरीत असे, तसा. आणि मग एक ओळ आली, की पिचरचा चेंडू हाताबाहेर गेला, पकडणाऱ्याच्या मागे गेला, तिसऱ्या तळावरचा गडी घरी आला, सामना संपला. म्हणजे कोणी मारले नाही, कोणी झेलले नाही. अस्तित्वात नसलेल्या माणसाच्या हातून अस्तित्वात नसलेला चेंडू निसटला, आणि बार्शी लाइट इतिहासात प्रथमच वेळेवर पोहोचली.

मला वाटले भाचा आता उड्या मारील. तो खुर्चीत मागे टेकला, पडद्याकडे पाहत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “झालं.” भाचेसुनेने शिरा केला तो त्याने न बोलता खाल्ला. बाद फेरीची पहिली मालिका तीन सामन्यांची होती; बार्शी लाइट पहिले दोन्ही हरली, आणि ही वार्ता मला दोन दिवसांनी, ती देखील मी आपण होऊन विचारले तेव्हा कळली. त्यानंतर मी तिथे आणखी महिनाभर होतो. घरी कोणी पाहुणा आला की भाचा त्याला सप्टेंबरातल्या रात्री सांगे: अर्ध्या सामन्याने कसे मागे होतो, खांदा कोणाचा निखळला, वकील काय म्हणाला, मामांना कसे तेरा आले. बाद फेरीचे नाव मी त्याच्या तोंडून ऐकले नाही. तो बोलत असता माझ्या डोळ्यांपुढे वडील उभे राहत, पाटावर बसून शिरस्तेदारांच्या दौतीची गोष्ट विसाव्यांदा सांगणारे. आणि कायम झाल्याचा हुकूम ज्या दिवशी हाती पडला त्या दिवशी त्यांनी काय केले, हे आम्ही कधी विचारले नाही याची चुटपुट लागे. बहुधा तेही म्हणाले असतील, “झालं.”

निघण्याच्या आदल्या दिवशी भाचा जरा संकोचत म्हणाला, “मामा, वकीलसाहेबांनी लीग सोडली. सूत्र घटनेत घालावं म्हणून ते अडून बसले होते. त्यांचा संघ मोकळा आहे. बार्शीहूनही चालवता येतो. घेता का?” अशा वेळी महसूल खात्यात मुरलेला मनुष्य जो प्रश्न प्रथम विचारतो तो मी विचारला, “पगार?”

“पगार कसला, मामा? उलट वर्षाची थोडी वर्गणी भरावी लागते.”

अर्ज मी त्याच रात्री लिहिला. भाच्याने त्याचा तर्जुमा करून पाठविला. ‘मेहेरबान कमिशनरसाहेब यांचे हुजुरास’ असा मायना घालून खाली वय, शिक्षण, नोकरीची मुदत आणि वर्तणूक चांगली असल्याबद्दलचा मजकूर नेहमीच्या शिरस्त्याने दिला आहे. अखेरीस एक नम्र विनंती तेवढी जास्त जोडली आहे, की अर्जदाराची नेमणूक झाल्यास त्यास कृपा करून कधीही कायम करण्यात येऊ नये.